मधला डबा : जुन्या तबकड्या आणि प्री-अँप्लिफायरची निवड

गेल्या वर्षी पावसाळा लागायच्या सुमारास आमगावकडचे एक निवृत्त शिक्षक आपला नवाकोरा प्री-अँप्लिफायर पोत्यात गुंडाळून एसटीने गोंदियाला माझ्याकडे घेऊन आले. पेन्शनच्या फरकाचे पैसे आले होते. तीस वर्षे वापरलेल्या अँप्लिफायरचे व्हॉल्यूमचे बटण फिरवले की करकरत होते, आणि एकदा तरी चांगले यंत्र घ्यावे ही हौस होतीच. ते बसले आणि म्हणाले, "भाऊ, पैसे गेले ना, अन् बालगंधर्व घोंगडं पांघरून गाऊन राहिले."

यंत्र मी उघडून पाहिले. त्यात काहीही बिघाड नव्हता; उलट जोडणी सुबक होती, पुरवठाही शांत होता. एलपी लावली की ते सुरेख वाजे. घोंगडे फक्त ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरच पडत होते. या एका तक्रारीने मला पुढचे चार महिने कामाला लावले. हा लेख त्यातून झालेला आहे.

मी इंजिनिअर नाही. विशीत अर्जुनी मोरगावच्या बाजूला मंडप-लाउडस्पीकरवाल्यांच्या हाताखाली राबलो, दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांना रात्र रात्र माईक सांभाळले, आणि जळलेले अँप्लिफायर उघडता उघडता जे कळले ते कळले. त्या काळात एकदा एका लग्नात मालकाने कुणाचातरी भारी, चुंबकीय पिकअपचा रेकॉर्ड प्लेअर आणला आणि आम्ही तो सरळ माईकच्या सॉकेटला जोडला. माईकही काही मिलिव्होल्टच देतो, पिकअपही तेवढेच देतो, मग अडचण काय, असा आमचा हिशोब. आवाज आला खरा, पण सनई पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी वाजली आणि चौघड्याचा घुमारा कुठे नावाला सापडेना. वऱ्हाडी मंडळींनी बंद करायला लावले. प्री-अँप म्हणजे केवळ आवाज वाढवणारा डबा नव्हे, हे मी त्या मांडवात शिकलो.

कारण तबकडीच्या खाचेत आहे. खर्जातला सूर जसाच्या तसा कोरायचा तर सुईला इतकी रुंद हालचाल करावी लागते की एक खाच शेजारच्या खाचेत घुसेल. तारसप्तकाच्या वरचे बारीक कंगोरे मात्र इतके लहान उमटतात की तबकडीच्या खरखरीत बुडून जातात. म्हणून कोरतानाच खालचे सूर दाबतात आणि वरचे उचलतात. वाजवताना प्री-अँपने नेमके उलट करायचे : खालचे उचलायचे, वरचे दाबायचे. वरचे दाबताना खरखरही दबते, हा वरकड फायदा. आमच्या माईकच्या सॉकेटला हा उलटा हिशोब ठाऊक नव्हता. आपल्याकडच्या पेटीवजा रेकॉर्ड प्लेअरमध्ये बहुधा क्रिस्टल किंवा सिरॅमिक पिकअप असे. तो चुंबकीय पिकअपपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज देतो आणि स्वभावतःच हा हिशोब बराचसा जमवून घेतो. त्यामुळे आपल्या बहुतेक घरांत रेकॉर्डी वर्षानुवर्षे वाजल्या तरी प्री-अँप हा शब्द कधी आला नाही.

हा दाबण्या-उचलण्याचा हिशोब म्हणजे वक्र. आज बाजारात मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक फोनो प्री-अँपमध्ये एकच वक्र असतो, १९५४ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने ठरवलेला आरआयएए. कोरताना २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल दाबायचे, २० हजार हर्ट्झला जवळजवळ तेवढेच उचलायचे. आपल्याकडे एलपी रुळल्या त्या यानंतर, म्हणून आपल्या एलपींना हा वक्र बरोबर बसतो. गुरुजींच्या संग्रहात मात्र १९३० च्या दशकातल्या एचएमव्हीच्या तबकड्याच जास्त. ज्या नियमाचा जन्मच झाला नव्हता त्या नियमाने त्या कोरलेल्या असणार कशा?

भारतातले पहिले ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात झाले. (भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. अवघ्या वर्ष-दोन वर्षांनी तो आवाज आपल्याला अंतरला, याची हळहळ मला अजून वाटते.) त्यानंतर सुमारे दोन तपे गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि त्याच्या आवाजाच्या जोरानेच सुई कोरायची, अशी रीत होती. वीज नाही, म्हणून मुद्दाम लावलेला वक्रही नाही. १९२५ पासून माईक आणि विजेवर चालणारी कोरणी आली, आणि तेव्हापासून प्रत्येक कंपनीचा आपापला हिशोब सुरू झाला. १९३१ मध्ये एचएमव्ही आणि कोलंबिया एकत्र येऊन ईएमआय झाली. तिच्या त्या काळच्या तबकड्यांसाठी अभ्यासक साधारणपणे जो वक्र धरतात त्यात खालचे सूर २५० ते ३०० हर्ट्झच्या खालीच दाबलेले असतात आणि वरचे मुळीच उचललेले नसतात. आरआयएएत दाबणे ५०० हर्ट्झपासून सुरू होते, आणि वरचे उचलणे २१०० हर्ट्झच्या आसपास.

आता अशी तबकडी आरआयएएच्या प्री-अँपवर लावली तर काय होईल? जे कधी उचललेच नव्हते ते हा डबा इमानेइतबारे दाबून टाकतो : १० हजार हर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल. आणि जे थोडेच दाबले होते ते गरजेपेक्षा जास्त फुगवतो : १०० हर्ट्झला सुमारे ५ डेसिबल. गायकाच्या 'स' आणि 'श'मधला फरक पुसट होतो, सारंगीच्या गजाची धार जाते, डग्गा ढब्ब होतो. आपण मान डोलावतो आणि म्हणतो, जुने रेकॉर्डिंग, तेव्हा तंत्र कुठे होते! तंत्राच्या मर्यादा होत्याच, पण त्यांच्या माथी मारलेला बराच दोष आपल्या घरातल्या डब्याचा असतो.

मग जुन्या अँप्लिफायरवर हेच बालगंधर्व बरे का वाजत होते? तोही आरआयएएच होता. हे कोडे मला दोन आठवडे सुटले नाही. शेवटी मी गुरुजींच्या घरी जाऊन तो जुना अँप्लिफायर बघितला. बेसचे बटण डावीकडे बरेच खाली, ट्रेबलचे उजवीकडे शेवटपर्यंत. वर्षानुवर्षे कुणी हलवलेच नव्हते. अशी बटणे दोन्ही टोकांना साधारण १० डेसिबल इकडेतिकडे करू शकतात. म्हणजे या माणसाने वक्र हा शब्दही न ऐकता, नुसत्या कानाने, ईएमआयच्या हिशोबाच्या बऱ्यापैकी जवळ जाणारी दुरुस्ती करून ठेवली होती. आणि नव्या महागड्या डब्यावर बेस-ट्रेबलची बटणेच नव्हती. सिग्नलच्या वाटेत कमीत कमी भाग असावेत, हे तिथे शुद्धतेचे लक्षण मानतात. मला हे सोवळे निदान आपल्या संग्रहांच्या बाबतीत पटत नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे ७८च्या तबकड्या आहेत त्यांनी प्री-अँप बदलताना आधी वक्र बदलण्याची सोय बघावी. ती नसेल तर निदान टोनची बटणे तरी हवीत. दुसरी गोष्ट मोनोचा स्विच. या तबकड्यांत गाणे फक्त आडव्या हालचालीत आहे. सुई वर-खाली होते ती धूळ आणि झीज यांमुळे. स्टिरिओ पिकअपच्या दोन्ही बाजू एकत्र केल्या की ही वर-खालीची खरखर एकमेकींना कापते. फुकटात मिळणारी एवढी मोठी सुधारणा मला दुसरी माहीत नाही. आणि हो, सुई. ७८ची खाच रुंद असते, तिला सुमारे ७५ मायक्रॉनचे टोक लागते, एलपीला साधारण १८. एलपीची सुई खाचेच्या तळाशी कचरा उपसत बसते, आणि त्यावर कुठलाही प्री-अँप इलाज करू शकत नाही.

ज्यांच्याकडे नुसता सीडी प्लेअर आहे त्यांचा प्रश्न सोपा. तो २ व्होल्ट देतो, पॉवर अँप्लिफायरला पूर्ण ताकदीने चालायला बहुधा एक-दीड व्होल्ट पुरतो. तिथे आणखी वाढ कशाला? व्हॉल्यूम जरासा उघडताच खोली भरत असेल तर वाढ जास्त आहे असे समजावे, कारण बटणाच्या त्या सुरुवातीच्या टप्प्यात डावा-उजवा आवाज बहुधा सारखा राहत नाही. जास्त वाढीचा नवा डबा घेऊन हा दोष वाढतोच.

आमच्याकडचा खरा वैरी मात्र घूं असा आवाज. पिकअपच्या ४-५ मिलिव्होल्टची शंभरपट वाढ करायची म्हणजे घरातली वीजही शंभरपट ऐकू येणार. पुष्कळ घरांत तिसरी पिन नुसती शोभेची असते. कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डा नीट करून घेतला, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहिले, प्लेअर-प्री-अँप-पॉवर अँप्लिफायर एकाच बोर्डावर लावले आणि स्टॅबिलायझर पिकअपपासून हातभर दूर नेला, तर अर्ध्या तक्रारी दुकानात न जाताच मिटतात. गुरुजींचा स्टॅबिलायझर दर टकटकीला गाण्यात ठिणगी टाकत होता. तो आता फ्रिजकडे गेला आहे.

दोन डब्यांची तुलना करायची तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा. एकाच सुराला स्पीकरच्या तारांवर मल्टिमीटर लावून व्होल्ट जुळवले की झाले. थोडा मोठा वाजणारा डबा कानाला नेहमी 'जास्त चांगला' वाटतो, आणि बरीच विक्री या एका भ्रमावर चालते.

गुरुजींचा प्री-अँप परत गेला नाही. एक आयसी, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर आणि एक फिरता स्विच वापरून मी त्याच्यापुढे जोडायची छोटी पेटी केली : एका खुणेवर आरआयएए तसाच, दुसरीवर ईएमआयचा जुना हिशोब, तिसरीवर कर्ण्याच्या काळासाठी सपाट. पहिल्यांदा स्विच फिरवला तेव्हा घोंगडे निघाले, आणि त्याबरोबर इतके दिवस दबलेली खरखरही बाहेर आली. गुरुजींना तिचे काही वाटत नाही. पावसात बसून गाणे ऐकल्यासारखे वाटते म्हणतात. वहिनींना ती सहन होत नाही. त्या चहा घेऊन खोलीत आल्या की गुरुजी निमूटपणे स्विच पहिल्या खुणेवर नेतात.