लेकरांच्या सिरपमध्ये औषध अडीच टक्के, मग बाकीचं काय?

पोराला ताप आला की आपण मेडिकलमधून सिरप आणतो. पण साध्या पॅरासिटामॉल सिरपच्या 5 मिलीत औषध असतं 125 मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम अडीच टक्के. बाकी पाणी, गोडी, रंग, वास, टिकवायचं रसायन आणि औषध विरघळवणारा पातळ पदार्थ. इमिडाक्लोप्रिडच्या बाटलीवर 17.8 टक्के लिहिलेलं असतं आणि उरलेलं काय ते आपण विचारत नाही, तसंच हे. याला निष्क्रिय घटक म्हणतात. पण पोटात गेल्यावर ते गप्प बसतातच असं नाही.

सॉर्बिटॉलचंच घ्या. साखरेऐवजी गोडीसाठी ते घालतात. आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही, उलट पाणी ओढतं. दोन-तीन सिरप एकदम चालू असली की पोट फुगतं, मुरडा येतो, जुलाब लागतात. घरचे म्हणतात, दात येतायत. मग जुलाबाचं आणखी एक सिरप! अशा वेळी सगळ्या बाटल्या घेऊन डॉक्टरांकडे जा, औषध मनानं बंद करू नका. साखरेचं सिरप रात्री पाजून तसंच झोपवलं तर दात किडतात, वरून दोन घोट पाणी द्या.

प्रॉपिलीन ग्लायकॉल ठरलेल्या प्रमाणात चालतं. पण तान्ह्या बाळाच्या अंगातून ते हळू बाहेर पडतं, साठलं तर बाळ सुस्त होतं. थोरल्याच्या बाटलीतलं धाकट्याला देऊ नये ते यासाठीच.

खरा घात होतो तो या पातळ पदार्थात भेसळ निघाली की. डायइथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यातलं विषारी रसायन, त्याची मर्यादा 0.1 टक्का. 2025 मध्ये कोल्ड्रिफ सिरपच्या एसआर-13 बॅचमध्ये ते 48.6 टक्के सापडलं. नागपूरला लागून असलेल्या छिंदवाड्यात वीसहून जास्त लेकरं किडन्या निकामी होऊन गेली, त्यातली कित्येक नागपुरात उपचार घेत होती. मुंबईत 1986 साली जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधल्या याच विषानं 14 रुग्ण दगावले होते.

हे विष लेबलवर नसतं, चवीलाही गोडच. म्हणून बिल घ्या, बाटली लगेच फेकू नका, बॅच नंबर जपा. सिरप दिल्यावर लघवी कमी झाली किंवा उलट्या थांबेनात तर बाटलीसकट थेट दवाखाना गाठा. दोन वर्षांखालच्या बाळाला खोकल्या-सर्दीचं सिरप देऊच नये, असं केंद्राच्या आरोग्य खात्यानंही ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितलंय. तक्रारीसाठी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर 1800222365.