पितळी पुंगळीची साक्ष

जमिनीत सापडणाऱ्या वस्तूंपैकी नाणी, ताम्रपट व मूर्ती यांचे महत्त्व कोणालाही चटकन पटते. परंतु काळवंडलेली, बोटाएवढी एखादी पितळी नळी हाती आली, तर ती मोडीत घालावी यापलीकडे सहसा काही सुचत नाही. वास्तविक रायफलीच्या काडतुसाची रिकामी पुंगळी ही फार बोलकी वस्तू होय. नाण्याप्रमाणेच तिच्याही अंगावर ठसा असतो, आणि त्यात कारखान्याची खूण व पुष्कळदा सालही असते.

ठाणे व कल्याण हा मुलूख लढायांना नवखा नाही. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात घेतला. पण त्या काळच्या बंदुका ठासणीच्या होत्या. दारू व गोळी नळीच्या तोंडातून ठासावी लागे. मागे राही ती केवळ शिशाची गोळी. इंग्रजी फौजेत पितळी काडतूस आले ते १८६६ च्या सुमारास, स्नायडर रायफलीबरोबर. पाठोपाठ १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली. तेव्हा ‘पेशवाईतील पुंगळी’ म्हणून कोणी काही दाखवू लागल्यास ती पेशवाईतील नव्हे, एवढे निःशंकपणे सांगता येते.

या भागात रायफलीच्या पुंगळ्यांचा विचार करताना प्रथम आठवते ते कल्याण कॅम्प. कल्याण हे मोठे जंक्शन. तेथून एक लोहमार्ग पुण्याकडे जातो आणि दुसरा नाशिककडे. पहिल्यावर खडकी, दुसऱ्यावर देवळाली, अशी दोन्हीकडे लष्करी ठाणी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याची मोठी छावणी उभी राहिली. १९४७ च्या फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधील निर्वासितांना आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव लाभले. छावणीच्या जमिनीवर शहर वसल्यामुळे पायासाठी खोदताना किंवा धातुशोधक यंत्र फिरवताना काय हाती येईल, याचा नेम नाही.

पुंगळीची ओळख पटविण्याची रीत सोपी आहे. प्रथम मापे घ्यावीत. पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली, जाड बुडाची पुंगळी बहुधा स्नायडर वा मार्टिनीच्या काळातील असते. बुडाशी बाहेर आलेला काठ, मानेशी निमुळता आकार आणि सुमारे ५६ मिलिमीटर लांबी असल्यास ती ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफलीची समजावी. हे काडतूस १८८९ च्या सुमारास प्रचारात आले. काठ बाहेर न येता बुडाशी खाच असेल व लांबी ५१ मिलिमीटर भरेल, तर ती १९६० नंतरच्या दशकात भारतीय सेनेत रूढ झालेल्या ७.६२ मिलिमीटर रायफलीची असण्याचा संभव अधिक.

मग ठसा वाचावा. इंग्रजी के व एफ ही अक्षरे म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना. त्याची स्थापना १८६९ ची. जोडीला बाणाच्या टोकासारखी खूण असल्यास ती ब्रिटिश अमदानीतील सरकारी मालाची. दोन आकडे सालाचे असतात: ४३ म्हणजे १९४३. रोमन सात हा आकडा काडतुसाचा सातवा नमुना दाखवितो; हा नमुना १९१० मध्ये आला. युद्धकाळातील काडतुसांवर कॅनडा वा ऑस्ट्रेलियातील कारखान्यांच्या खुणाही आढळतात.

येथेच सावध राहिले पाहिजे. ठशातील साल हे पुंगळी घडविल्याचे. ती झाडल्याचे नव्हे. १९४३ चे काडतूस दहा वर्षांनी सरावात उडविले गेले असेल. थ्री-नॉट-थ्री तर स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके पोलिसांच्या हाती होती. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यातही ती दिसली. म्हणून ठशावरून ‘या सालापूर्वीची नाही’ एवढेच ठरते. एकाच खड्ड्यात दहा पुंगळ्या मिळाल्या, त्यांपैकी नऊ १९४१ च्या व एक १९४४ ची असली, तर तो खड्डा १९४४ पूर्वी भरलेला नाही. हा निष्कर्ष एकट्या पुंगळीवरून निघत नाही. याकरिता वस्तू उचलण्यापूर्वी जागा, खोली व सोबतच्या वस्तू टिपून ठेवाव्यात, आणि पितळ घासून लखलखीत करू नये. घासण्याने ठसा व बुडाच्या टोपीभोवतीचे रंगीत कडे नाहीसे होते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जिवाची. तोंड उघडे आणि टोपीवर खोल खळगा असेल, तर काडतूस झाडलेले आहे. गोळी जागेवर असेल, तर टोपीवर खळगा असो वा नसो, ते जिवंतच समजावे; न उडालेले काडतूसही धोक्याचेच. त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे. परवान्याविना जिवंत काडतूस बाळगणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि संरक्षित स्मारकांच्या आवारात परवानगीवाचून खोदण्यास १९५८ च्या कायद्याने मनाई आहे.

गडकोटांचा इतिहास बखरींत मिळतो. छावणीतील साध्या शिपायाचा इतिहास लिहिणारा बखरकार सहसा नसतो. त्याच्या वास्तव्याची खूण कित्येकदा अशा एखाद्या पुंगळीतच उरते. ती जागच्या जागी, शांतपणे वाचणे, एवढेच पुढच्या पिढीच्या हाती आहे.