कपाचा न दिसणारा कान

पाच-सहा वर्षांच्या मुलाला कॅरम खेळणारे चौघे काढायला सांगा. बोर्ड वरून पाहिल्यासारखा चौकोनी, चारही भोकं जागच्या जागी. खेळाडू मात्र चार बाजूंना उताणे पडलेले! फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्यूके यांनी १९२७ मध्ये याला ‘बौद्धिक वास्तववाद’ म्हटलं. मूल दिसतं ते काढत नाही, ठाऊक असतं ते काढतं.

फ्रीमन आणि जॅनिकून यांनी १९७२ मध्ये मुलांपुढे एक कप ठेवला. कान मागे वळवलेला, म्हणजे न दिसणारा. पुढे फूल रंगवलेलं. आठ वर्षांखालच्या मुलांचा कल उलटाच निघाला: कान काढायचा, फूल गाळायचं. फुलाविना कप कपच राहतो, कानाविना त्याचा पेला होतो. पोरांचं गणित तसं बिनतोड.

मग दुसऱ्याला तिकडून काय दिसत असेल, हे त्यांना कळतच नाही? पियाजे आणि इनहेल्डर यांच्या तीन डोंगरांच्या प्रयोगात लहान मुलं, आपल्याला दिसतं तेच समोरच्या बाहुलीलाही दिसतं, असं सांगत. पण मार्टिन ह्यूज यांनी भिंतींआड बाहुली पोलिसापासून लपवायला सांगितली, तेव्हा साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांनी ती बहुतेक वेळा अचूक लपवली. लपाछपीत हरलेल्या आजोबांना याचं नवल वाटू नये. कागदावरचं यथार्थदर्शन ही मात्र वेगळी युक्ती. एका बिंदूकडे धावणाऱ्या रेषांची ही रीत फ्लॉरेन्सच्या चित्रकारांच्याही हाती पंधराव्या शतकातच आली.