गोदावरीचं पाणी समुद्रात ‘वाया’ जातं का?

जालन्यात बसून समुद्रावर एपिसोड? हो, कारण आपल्या अंबड तालुक्यात शहागडच्या पुलाखालून जाणारी गोदावरी पुढे आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. आजची गोष्ट तिच्या मुखाशी, यानमजवळच्या खाडीत घडते.

तिथल्या पाण्यात फायटोप्लँक्टन असतात. डोळ्यांना न दिसणारे, पाण्याबरोबर वाहणारे जीव, पण काम झाडांचं. पृथ्वीवरचं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण हेच करतात. मासळी, कोळंबी, सगळ्यांच्या जेवणाची सुरुवात इथून होते.

आता वाटेल, पावसाळ्यात नदी शेतांतलं खत घेऊन येते, म्हणजे तेव्हाच यांची चंगळ. तर नाही! राजमहेंद्रीजवळच्या धवळेश्वरम बंधाऱ्यावरून पूर सुटला की खाडी गढूळ होते, ऊन आत शिरत नाही. त्यात प्रवाहाचा जोर. एका पेशीच्या दोन व्हायला साधारण एक दिवस तरी लागतो, तेवढ्यात पाणी तिला समुद्रात ढकलून देतं. आमच्या भाषेत, रिसोर्सेस भरपूर, पण प्रोसेस संपायच्या आतच किल!

खरा बहर येतो पूर ओसरल्यावर. विसर्ग थांबतो, गाळ खाली बसतो, पाणी रेंगाळतं, खत तर आधीच आलेलं. मग डायटम भराभर वाढतात. त्यांचं कवच सिलिकाचं, काचेसारखं. हे सिलिका येतं खडकांच्या झिजेतून, त्यात आपल्या मराठवाड्यातला काळा पाषाणही आला. पुढे उन्हाळ्यात समुद्राचं पाणी खाडीत आत घुसतं आणि खारं पाणी सोसणाऱ्या जाती वरचढ होतात.

नदीचा विसर्ग घटला की खाडीतला हा बहर आणखी दाट होतो, असं गोदावरीवरच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. ऐकायला छान वाटतं ना? पण बहर मेला की तो कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरतात, आणि मासळी गुदमरू शकते.

जालना शहराच्या नळाला जायकवाडीचंच पाणी येतं, त्यामुळे धरणं नकोत असं मी म्हणणार नाही. पण दरवाजे उघडले की ‘एवढं पाणी समुद्रात वाया गेलं’ अशी पोस्ट फिरते, ती मला पटत नाही. तेच पाणी खाडी धुऊन काढतं आणि किनाऱ्यापुढच्या डायटमना सिलिका पोचवतं.