कॉम्प्युटरचे नाव बदलले आणि ऑडिओ प्लगइन अडकले? आधी होस्ट्स फाईल बघा

देवास : कुमार गंधर्व १९४८ पासून शेवटपर्यंत ज्या गावात राहिले, तिथल्या किंवा धारमधल्या मराठी घरात माळ्यावर गाण्याची जुनी कॅसेट सापडणे नवलाचे नाही. पण जुनी फीत दर वेळी वाजवताना थोडी झिजते, कधी तुटतेही. म्हणून ती कॉम्प्युटरवर उतरवताना मधेच सॉफ्टवेअर अडून चालत नाही.

जुन्या मशीनवर फुकटचे लिनक्स टाकून हे काम छान होते. घोटाळा होतो तो हौसेने मशीनचे नाव बदलल्यावर. खरखर काढणारे प्लगइन उघडायला वेळ लावते, स्कॅन लटकते. लोक साउंड कार्डला दोष देतात.

लिनक्समध्ये हे नाव दोन ठिकाणी असते. ईटीसी फोल्डरमधली होस्टनेम फाईल आणि तिथलीच होस्ट्स फाईल. 'होस्टनेमसीटीएल' कमांडने पहिली बदलते, दुसरीत जुनेच नाव राहते. एखादे प्लगइन, विशेषतः लायसन्स तपासणारे, नव्या नावाचा पत्ता विचारते. घरात उत्तर नाही, मग चौकशी बाहेर डीएनएसकडे जाते. नेट बंद-चालू होत असेल तर एकेका प्रयत्नाला ५ सेकंद वाट बघणे आलेच. नव्या उबंटूत हे बहुतेक वेळा आपोआप सांभाळले जाते, जुन्या मशीनवर नाही.

ओळखायची खूण सोपी. टर्मिनलमध्ये 'सुडो' लावून कोणतीही कमांड द्या. 'अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट' असे आले की चोर सापडला. उबंटू, डेबियनवर होस्ट्स फाईल सुडोने उघडा, १२७.०.१.१ ची ओळ शोधा आणि तिच्यापुढचे जुने नाव काढून नवे लिहा. ओळ नसेल तर घाला. आकडे आणि नाव इंग्रजीतच टाइप करायचे; नावात फक्त अक्षरे, आकडे आणि मधे आडवी रेघ, अंडरस्कोअर नको. मराठी नावाची हौस असेल तर 'प्रिटी होस्टनेम' वेगळे ठेवता येते, तिथे देवनागरी चालते.

एवढे करून प्लगइनची खिडकीच उघडत नसेल तर लॉगआउट करून परत या. एक्स-इलेव्हनवर परवानगीची नोंद जुन्या नावाने असते, ती नव्याने होते.

वाईनमधून चालणाऱ्या विंडोज प्लगइनची गोष्ट जरा वेगळी. त्यांना मशीनचे नाव लिनक्सकडूनच मिळते, त्यामुळे काही जण नाव बदलताच नवे मशीन समजून पुन्हा ॲक्टिव्हेशन मागतात. अशा वेळी जुने नाव परत लावावे, लायसन्स सोडवून घ्यावे, मगच नवे नाव द्यावे. आणि हे सगळे कॅसेट डेकमध्ये घालायच्या आधी.