सगळ्या मानवजातीची गोष्ट आणि इनामगाव

२०२४च्या जुलैत राज्यशास्त्रज्ञ जेम्स स्कॉट गेले. आपल्याकडे त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. हरारींचं ‘सेपियन्स’ मात्र इंग्रजीत येऊन दहा वर्षं उलटली तरी दुकानांच्या दर्शनी फळीवर ठाण मांडून आहे. खुपलं ते हे.

मानवजातीची गोष्ट सांगताना पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी १९३६ साली आधी शेती, मग शहर असा जिना बांधला. १९९७मध्ये जॅरेड डायमंड यांनी त्याला भूगोलाचा कठडा लावला. मधली साठ वर्षं सामान्य वाचक तोच जिना चढत राहिला.

खरी धमाल आली २०११ नंतरच्या दशकात. हरारींचं पुस्तक आधी हिब्रूत आलं, २०१४मध्ये इंग्रजीत. मग ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, जो तो सत्तर हजार वर्षांवर बोलू लागला. पुस्तक वाचनीय, पण शंकेला जागा न ठेवणारं. २०१७मध्ये स्कॉट यांनी ‘अगेन्स्ट द ग्रेन’मध्ये विचारलं, सुरुवातीची राज्यं धान्यावरच का उभी राहिली? त्यांचं उत्तर होतं, वसुली. गहू-जव उघड्यावर आणि एकाच हंगामात पिकतात. सारा घेणारा खळ्यावर उभा राहून मोजू शकतो. कंद जमिनीखाली दडून राहतात. २०२१मध्ये मानवशास्त्रज्ञ ग्रेबर आणि पुरातत्त्वज्ञ वेंग्रो यांचं ‘द डॉन ऑफ एव्हरीथिंग’ आलं. ग्रेबर वर्षभर आधीच वारले होते. शेतीमागून राजा येतोच, हे दोघांना मान्य नव्हतं. युक्रेनमधल्या सहा हजार वर्षांपूर्वीच्या अवाढव्य वस्त्यांत राजवाडा सापडत नाही, हा त्यांचा एक दाखला. अभ्यासकांनी त्यांनाही धारेवर धरलं.

आपण त्या वेळी आर्य इथले की बाहेरचे, यावरच भांडत होतो. या जिन्याविषयीचा पुरावा मात्र जवळच होता. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८पासून तिथे अनेक वर्षं उत्खनन केलं. पाटाचं पाणी, जवाची शेती, कोठार आणि त्याला लागून पाच खोल्यांचं घर सापडलं. पुढे इसवी सनापूर्वी १०००च्या सुमारास चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, शेती आटली, भर गुराढोरांवर आला. उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ ढवळीकर यांनी कोरड्या पडलेल्या हवामानाकडे बोट दाखवलं. म्हणजे जिना उतरलेली माणसं पुणे जिल्ह्यातच होती, आणि तीही पुराव्यानिशी.

प्रकाशकांनो, जगाची भाषांतरं खुशाल छापा. पण इनामगाववर सामान्य वाचकासाठी दोनशे पानांचं चांगलं मराठी पुस्तक दर्शनी फळीवर ठेवा. निदान एकदा विकून तरी पाहा.