डोंगरीच्या तुरुंगातील १०१ दिवस : एका बनावट पत्रव्यवहाराचे फळ

गोपाळ गणेश आगरकर यांचे 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे लहानसे पुस्तक संग्राहकांच्या कपाटात बहुधा वाङ्मयाच्या फळीवर असते. आमच्या मते त्याची खरी जागा दप्तराच्या रुमालांशेजारी होय. बनावट कागदाने केवढा अनर्थ होतो याचे ते टिपण आहे, आणि १८८२ सालच्या मुंबईतील तुरुंगाविषयी आत राहून दिलेली साक्षही आहे.

खटल्याचे मूळ थोडक्यात सांगतो. केसरी व मराठा ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये निघाली. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांस वेडाच्या निमित्ताने कोंडून त्यांचा छळ चालला आहे, व त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचे अंग आहे, असा त्या वेळी बोभाटा होता. बर्व्यांच्या नावची म्हणून काही पत्रे पुढे आली. त्यांवर भरवसा ठेवून आगरकर व टिळक यांनी कडक मजकूर छापला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे खोटी ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी फिर्याद चालूच राहिली, व १७ जुलै १८८२ रोजी दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली. दोघांचेही वय सव्वीसच्या आसपास होते.

ही शिक्षा अन्यायाची म्हणावी काय? निवळ कायद्याने पाहता निकालात वावगे काढणे कठीण. छापिले ते खरे करून दाखविण्याचा भार छापणाऱ्यावरच असतो. परंतु ती पत्रे या दोघांनी रचिली नव्हती. दुसऱ्याच्या कपटाचा दंड विश्वास ठेवणाऱ्यांनी भोगिला. पुढे २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. तेव्हा पत्रे बनावट असली तरी महाराजांविषयीची चिंता अनाठायी नव्हती. वाशी, परंडा, नळदुर्ग या बाजूस ज्यांच्या घरी जुने रुमाल आहेत, त्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे. कागदाची जात, शाई, मोर्तब, हस्ताक्षर व तारखांचा मेळ पाहिल्यावाचून कागद बाहेर काढू नये. आतला मजकूर आपल्या मनासारखा असेल तेव्हा तर दुप्पट सावध असावे.

खटल्याच्या वेळी जोतीराव फुले यांच्या शब्दावरून रामशेट उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन दिला होता. मतभेद असता दाखविलेले हे औदार्य आमच्या इतिहासलेखकांनी पुरेसे नोंदिलेले नाही.

शिक्षा साधी असली तरी तुरुंग साधा नव्हता. एका कोठडीत दोघांचे वाद इतके रंगत की पहारेकऱ्यांस आवाज खाली आणावयास सांगावे लागे. शेक्सपीअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर आगरकरांनी येथेच हाती घेतले; ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. २६ ऑक्टोबर १८८२ रोजी सुटका झाली. तारखा मोजून पाहता १०१ हा आकडा बरोबर जुळतो. म्हणजे चार महिने पुरे होण्यास सुमारे तीन आठवडे राहिले होते.

या एका पुस्तकाने तुरुंग सुधारला असे म्हणणे धाडसाचे होईल. सुधारणा हळूहळू झाली, व तीही फार उशिरा. १८९४ च्या तुरुंगविषयक कायद्याने कच्चे कैदी व शिक्षा झालेले कैदी, स्त्रिया व पुरुष, यांस वेगळे ठेवण्याचा नियम घातला. तरी १८९७ साली राजद्रोहाबद्दल टिळकांस दीड वर्षाची सक्तमजुरी झाली तेव्हा कारावासाचा काच केवढा असतो हे त्यांस पुन्हा कळले. त्यांच्या सुटकेच्या अर्जावर मॅक्समुल्लरसारख्या पंडिताची सही पडली. कैद्यास सुधारणे हाही तुरुंगाचा हेतू आहे, असे १९१९-२० च्या तुरुंग समितीने स्पष्ट म्हटले. औंध संस्थानात आटपाडीनजीक स्वतंत्रपूर वसले, तेथे कैदी कुटुंबासह शेतीवर राहू लागले. ते सारे आगरकरांच्या मृत्यूनंतर चार दशकांनी घडले.

या पुस्तकाची पहिली आवृत्ती ज्यांच्या संग्रही असेल त्यांनी तिच्या मुखपृष्ठाची व मालकाच्या नोंदींची नक्कल मंडळाकडे धाडावी. कोणाच्या घरी ती कशी पोहोचली, हे कळणेही उपयोगी होईल.